रोमचं थकलेलं देणं

इ.स.पू. ५० च्या डिसेंबरात रोमच्या सिनेटपुढे एक साधा ठराव आला. सीझर गॉलमध्ये फौज घेऊन बसला होता, पॉम्पीच्याही हाताखाली फौजा होत्या. दोघांनी एकाच वेळी आपापली फौज सोडावी, असं क्युरिओ नावाच्या ट्रिब्यूनचं, म्हणजे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीचं, म्हणणं. मतं पडली: बाजूने ३७०, विरोधात २२. इतका स्वच्छ कौल कुठल्याही सभागृहात क्वचितच लागतो. पण कॉन्सल, म्हणजे सरकारचा प्रमुख, मार्सेलस याने सभा बरखास्त केली, घ्या आता सीझरला डोक्यावर बसवून, अशा अर्थाचं काहीतरी ओरडला, आणि थोड्याच दिवसांत सभागृहाला न विचारता पॉम्पीच्या हातात तलवार देऊन आला. पुढच्या जानेवारीत सीझर फौजेसह रुबिकॉन ओलांडून इटलीत शिरला. त्या नदीचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या बावीस जणांबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही.

आपली रोमशी ओळख होते ती बहुतेक ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ या नाटकातल्या वाक्याने. मग प्रजासत्ताकाच्या शेवटाची गोष्टही नाटकासारखीच डोक्यात बसते. एक महत्त्वाकांक्षी माणूस, काही खंजीर, आणि शेवटी त्याहून धूर्त असा त्याचा वारस. जगात कुठेही एखादा नेता डोईजड व्हायला लागला की लगेच सीझरची आठवण काढणारे लेख येतात, आणि त्यांचा रोख एकच असतो: बलदंड माणसापासून सावध राहा. मला हे निदान अर्धवट वाटतं. माझ्या मते रोमचं प्रजासत्ताक एका थकलेल्या देण्यापायी बुडालं. लढाई संपवून घरी आलेल्या शिपायाला काय द्यायचं, एवढाच तो हिशेब. तो चुकता करायला सिनेटकडे शंभर वर्षं होती, पैसा होता, जमीनही होती. तिने तो दर वेळी टोलवला. शेवटी एका माणसाने तो चुकता केला आणि बदल्यात राज्य लिहून घेतलं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. रोमचा शिपाई मुळात शेतकरी होता. जवळच्या शत्रूशी लढायचं आणि कापणीला घरी यायचं, ही जुनी रीत. पण स्पेनसारख्या लांबच्या मोहिमा सुरू झाल्या आणि माणसं वर्षानुवर्षं बाहेर राहू लागली. या काळात इटलीतला छोटा शेतकरी नेमका किती उद्ध्वस्त झाला यावर अभ्यासकांत वाद आहे. काही भागांतल्या पाहणीत लहान शेतं चांगली तग धरून असल्याचं दिसतं. तरी एक गोष्ट वादातीत आहे. जिंकलेल्या मुलखातली सरकारी जमीन मोठमोठ्या घराण्यांनी वहिवाटीने आपली करून टाकली होती. शिवाय इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनिया पाडल्यावर इतकी लूट आली की पुढच्या वर्षापासून इटलीतल्या रोमन नागरिकांकडून थेट कर घेणंच बंद झालं. म्हणजे राज्य समुद्रापार पसरलेलं, आणि त्या राज्याची मलई खाणारा वर्ग घरी करमुक्त.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसने आणलेला कायदा आपल्या भाषेत कमाल जमीन धारणेचा कायदा होता. सरकारी जमिनीपैकी एका माणसाकडे ५०० यूगेरा, म्हणजे सुमारे तीनशे एकर, एवढीच राहावी. वरची काढून भूमिहीनांना वाटावी. मर्यादा जुनीच होती, कुणी पाळत नव्हतं इतकंच. टायबेरियसही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आडवा आलेल्या सहकारी ट्रिब्यूनला त्याने मतदान घेऊन पदावरून काढलं, ही नवीच प्रथा होती, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहायला निघाला. त्यावर सिनेटरांचा जमाव मुख्य पुरोहित स्किपिओ नासिकाच्या मागे निघाला, बाकांचे पाय मोडून हातात घेतले आणि टायबेरियससकट तीनशेच्या वर माणसं ठेचून मारली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क आवर्जून सांगतो की त्यात एकही माणूस लोखंडाने मेला नाही. सगळे लाकडाने आणि दगडाने. प्रेतं रात्री टायबर नदीत लोटून दिली.

धाकट्या भावाचं, गायसचं, बारा वर्षांनी तेच झालं. या वेळी कॉन्सल ओपिमियसने गायसच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर केलं होतं. डोकं आणणाऱ्याने मेंदू काढून आत शिसं ओतलं, असं प्लुटार्कच लिहितो. पुढे याच ओपिमियसने सलोख्याच्या देवीचं देऊळ नव्याने बांधून घेतलं. रात्रीत कुणीतरी शिलालेखाखाली ओळ कोरून गेलं: सलोख्याचं हे देऊळ बेबनावाच्या वेडाने उभं केलं. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो ही आपली म्हण रोमला इतकी चपखल लागू पडते की ती लॅटिनमध्ये नाही याचंच नवल वाटतं. जमिनीचा प्रश्न मांडणाऱ्याला मारून प्रश्न मिटवता येतो हे सिनेटला कळलं. आणि सिनेटचा हा धडा बाहेर उभे असलेलेही गिरवत होते.

त्यानंतर शिपाईच बदलला. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने मालमत्तेची अट बाजूला ठेवून निर्धन माणसं फौजेत घेतली. जुन्या पुस्तकांत ही एका रात्रीतली क्रांती म्हणून रंगवली जाते. ते अति आहे, अट आधीपासूनच खाली खाली येत होती. पण दिशा तीच. ज्याला परत जायला शेत नाही असा माणूस आता पंधरावीस वर्षं लढणार, आणि सुटल्यावर त्याच्या हातावर काय ठेवायचं याचा कुठेही नियम नाही. पगार राज्याचा, पण म्हातारपण सेनापतीच्या भरवशावर.

याचा अर्थ इ.स.पू. ८८ मध्ये उघड झाला. पूर्वेकडच्या श्रीमंत मोहिमेचं सेनापतिपद सुल्लाकडून काढून मारियसला दिलं गेलं. सुल्लाने शिपायांना जमवून ही बातमी सांगितली. मारियस दुसरे शिपाई घेऊन जाईल आणि लूट त्यांना मिळेल, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही. रोमची फौज पहिल्यांदाच रोमवर चालून गेली. त्या वेळी एक सोडून सुल्लाचे सगळे अधिकारी त्याला सोडून निघून गेले, असं इतिहासकार अ‍ॅपियन नोंदवतो. शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. अधिकाऱ्यांच्या घरी वाडे आणि मळे होते. प्रजासत्ताक त्यांना परवडत होतं. शिपाई खाल्ल्या मिठाला जागले, आणि मीठ सुल्लाचं होतं. मराठी वाचकाला हे फार फोड करून सांगायला नको. शिवाजी महाराजांनी जहागिरीऐवजी रोख पगारावर का भर दिला, आणि राजाराम महाराजांच्या अडचणीच्या काळात वतनं वाटावी लागल्यावर फौज कुणाची झाली, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता पॉम्पी. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. इ.स.पू. ६२ च्या अखेरीस तो पूर्व जिंकून इटलीच्या किनाऱ्याला लागला तेव्हा रोममध्ये घबराट होती. हा दुसरा सुल्ला होणार, असं सगळे धरून चालले होते. त्याने काय केलं? ब्रुंडिसियमला उतरताच फौजेला घरी पाठवलं आणि साध्या नागरिकासारखा रोमला आला. प्रजासत्ताकाला यापेक्षा चांगली संधी कधी मिळाली नसेल. सर्वांत ताकदवान माणसाने स्वतःहून तलवार खाली ठेवली होती. त्याच्या मागण्या दोनच: पूर्वेत केलेल्या व्यवस्थेला मंजुरी, आणि शिपायांना जमीन. पैसा नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने तिजोरीत घातलेला ऐवज प्लुटार्कच्या आकड्यानुसार २० हजार टॅलेंट (सोनंचांदी मोजायचं जुनं वजन) होता.

सिनेटने त्याला ताटकळत ठेवलं. कुणाला पूर्वेकडच्या मोहिमेवरून जुना राग होता, कुणाला त्याचा मोठेपणा सलत होता. व्यवस्थेला एकगठ्ठा मंजुरी नको, एकेक कलम बघू, असं सुरू झालं. ज्याने कधी सरकारी फाइल पुढे सरकवायचा प्रयत्न केला आहे त्याला ही चाल ओळखीची वाटेल. इ.स.पू. ६० मध्ये फ्लेवियस या ट्रिब्यूनने जमिनीचा कायदा मांडला तेव्हा कॉन्सल मेटेलस इतका आडवा आला की फ्लेवियसने त्याला चक्क तुरुंगात टाकलं. मेटेलसने सिनेटची बैठक तुरुंगातच बोलावली. फ्लेवियस आपला बाक तुरुंगाच्या दारात टाकून त्यावर बसला. ट्रिब्यूनला स्पर्श करणं निषिद्ध, म्हणून कुणी आत जाऊ शकेना. तेव्हा मेटेलसने आतून हुकूम दिला, भिंत फोडा आणि सिनेटरांना तिकडून आत घ्या. शेवटी पॉम्पीलाच लाज वाटली आणि त्याने फ्लेवियसला उठायला सांगितलं. कायदा बारगळला. सरकारचा मुख्य माणूस कोठडीत, दारात लोकप्रतिनिधी बाक टाकून बसलेला, आणि राज्याचे शहाणे भिंतीच्या भगदाडाशी: प्रजासत्ताकाचा फोटो काढायचा झाला तर मी हा काढीन. रुबिकॉनच्या काठावरचा नाही.

हात पोळलेला पॉम्पी मग सीझरकडे गेला. इ.स.पू. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाला आणि त्याने पुन्हा जमिनीचा कायदा आणला. हा कायदा फार विचारपूर्वक केलेला होता. जमीन विकायला तयार असलेल्यांकडूनच, सरकारी मूल्यांकनाच्या भावाने, पॉम्पीने आणलेल्या पैशातून घ्यायची. वाटप करणारं मंडळ मोठं, आणि त्यात सीझर स्वतः नाही. इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो की कुणालाही त्यात खोट काढता येईना, आणि त्याचाच सगळ्यांना जास्त त्रास होत होता. सीझरचा कट्टर विरोधक असलेला सिनेटर कॅटो, त्यानेही खोट काढली नाही. आहे ते आहे तसं चालू द्या, बाहेर पाऊल टाकू नका, एवढंच त्याचं म्हणणं. सीझरने त्याला तुरुंगाकडे न्यायला सांगितलं तेव्हा काही सिनेटर उठून कॅटोच्या मागे चालू लागले. त्यातला पेट्रेयस म्हणाला, सीझरबरोबर इथे राहण्यापेक्षा कॅटोबरोबर तुरुंगात बरा. या बाणेदारपणाचं पिढ्यान्‌पिढ्या कौतुक झालं. होऊ दे. शिपायाच्या जमिनीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

कॅटोची बाजू मांडायलाच हवी, कारण ती पोकळ नाही. जमीन जो देईल त्याचे हजारो ऋणी होतील आणि असा माणूस राज्याला धोका ठरेल, ही त्याची भीती खरी ठरली. पण मग जमीन सिनेटने स्वतःच्या नावाने का दिली नाही? ठरलेली मुदत, ठरलेली रक्कम, सेनापती कुणीही असो. हा उपाय त्या काळाच्या कल्पनेपलीकडचा होता असं म्हणता येत नाही; दोन पिढ्यांनी तो अमलात आलाच. सिनेटने तो केला नाही, कारण पैसा कुठूनतरी यायला हवा होता आणि ते कुठूनतरी म्हणजे शेवटी सिनेटरांचेच मळे आणि तिजोऱ्या होत्या. श्रेय दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही आणि खर्च आपण करायचा नाही, या दोन हट्टांमध्ये शंभर वर्षं गेली.

सीझरच्या खुनाबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ शाई सांडली आहे. साठाहून अधिक कटवाले, तेवीस जखमा, आणि पुढे काय करायचं याचा कुणाकडेही कागद नाही. मला पुढचं वर्ष जास्त बोलकं वाटतं. इ.स.पू. ४३ मध्ये सिनेटने सीझरचा सेनानी अँटनी याच्याशी लढायला सीझरच्या एकोणीस वर्षांच्या वारसाची, ऑक्टेव्हियनची, फौज वापरली. संकट टळल्यासारखं दिसताच शिपायांना कबूल केलेलं बक्षीस अर्ध्यावर आणलं आणि जमीन वाटायच्या मंडळातून ऑक्टेव्हियनलाच वगळलं. इतक्या ठेचा खाऊनही तीच खोड! शिपायांचं शिष्टमंडळ रोमला आलं, ऑक्टेव्हियनला कॉन्सल करा म्हणू लागलं. सिनेट चुळबुळ करतेय असं दिसल्यावर कॉर्नेलियस नावाच्या सेंचुरियनने, म्हणजे तुकडीच्या नायकाने, अंगावरचा झगा मागे सारला, तलवारीची मूठ दाखवली आणि म्हणाला, तुम्ही नाही केलंत तर ही करेल. हा प्रसंग चरित्रकार सुएटोनियसने जपून ठेवला आहे.

मग व्हायचं ते झालं. ऑक्टेव्हियन आणि अँटनी एक झाले. त्या वर्षअखेर ठार मारायच्या माणसांच्या याद्या लागल्या, सिसेरोचं डोकं आणि हात त्याच्याच भाषणांच्या चबुतऱ्यावर टांगले गेले. फिलिपायला सीझरच्या मारेकऱ्यांवर मिळवलेल्या विजयानंतर इटलीतल्या अठरा शहरांची जमीन काढून शिपायांना देण्यात आली. सिनेटने कायद्याने, मोबदला देऊन द्यायची ती जमीन आता बिनमोबदला, बिनकायदा गेली, आणि ज्यांची गेली त्यांत खिसा भरलेले सिनेटर कमी, बिचारे मधल्या फळीतले शेतकरीच जास्त.

इथे एक मोठा आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला मान्य आहे. हा सगळा वाद लुटीच्या वाटणीचा होता. ज्या पैशातून जमीन घ्यायची तो आशिया मायनरच्या आणि सीरियाच्या लोकांचा. ज्या मळ्यांवर सिनेटर जगत ते गुलामांच्या घामावर चालत. त्यांना प्रजासत्ताक काय आणि सम्राट काय. प्रांतांना नवी राजवट नकोशी झाली नाही, असं इतिहासकार टॅसिटसच म्हणतो, आणि तो काही सम्राटांचा भाट नव्हे. तेव्हा प्रजासत्ताकासाठी गळा काढताना ते कुणाचं होतं याचं भान ठेवावं. पण ज्यांचं होतं त्यांनीच ते कसं घालवलं, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप नेहमीचा. एका शहराच्या घटनेवर एवढं साम्राज्य चालणं शक्यच नव्हतं, सम्राट अटळ होता. मला हे पटत नाही. ऑगस्टसने, म्हणजे सम्राट झालेल्या ऑक्टेव्हियनने, कारभाराचं मोठं यंत्र उभं केलं नाही. बहुतेक प्रांतांवर तेच सिनेटर जात, तीच पदं, तीच नावं. कॉन्सल तर नंतरही इसवी सन ५४१ पर्यंत नेमले जात राहिले. बदललं ते हे की शिपायाची शपथ, पगार आणि म्हातारपण या तिन्ही गोष्टी एका हातात आल्या.

तो हात कसा चालला ते ऑगस्टसने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्या कारकिर्दीचा जो हिशेब पुढे शिलालेखात कोरला गेला, त्याची सर्वांत चांगली प्रत अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर टिकली. त्यात तो सांगतो की शिपायांना वाटायच्या जमिनीसाठी इटलीतल्या गावांना आपण सुमारे ६० कोटी सेस्टर्स (रोमचं नाणं) मोजले, प्रांतांत सुमारे २६ कोटी, आणि असं रोख पैसे देऊन करणारे आपणच पहिले आणि एकटे. बढाई आहे, पण पोकळ नाही. पुढे जमिनीऐवजी रोख रक्कम ठरली. इसवी सन ५ मध्ये नियम झाला: वीस वर्षं नोकरी, सुटताना १२ हजार सेस्टर्स. शिपायाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स होता, म्हणजे तेरा वर्षांच्या पगाराहून जास्त. दुसऱ्या वर्षी त्यासाठी वेगळी तिजोरी उघडली, त्यात ऑगस्टसने पदरचे १७ कोटी घातले, आणि ती भरत राहावी म्हणून वारसा हक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर पाच टक्के कर बसवला. जवळचे नातेवाईक आणि गरीब यातून वगळले.

सिनेटर खवळले. सात वर्षांनी, इसवी सन १३ मध्ये, कुरकुर इतकी वाढली की ऑगस्टसने त्यांना सांगितलं, पैसे उभे करायचा दुसरा मार्ग सुचवा. त्यांनी काहीही चालेल पण हा कर नको असं कळवलं. तेव्हा म्हाताऱ्याने, तो पंचाहत्तरीला टेकला होता, शेतं आणि घरं यांवर कर लावायचा विचार जाहीर केला, दर सांगितलाच नाही, आणि लगेच माणसं मोजणीला धाडून दिली. गावात मोजणीदार आला की बांधावर काय शांतता पसरते ते ज्याने पाहिलं असेल त्याला पुढचं सांगायला नको. मोठमोठ्या मळेवाल्यांनी विचार केला आणि वारसा कर मुकाट्याने मान्य केला. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. एवढा एकच कर त्यांच्या आजोबांनी पॉम्पीच्या वेळी स्वतःहून लावला असता तर, असा विचार माझ्या मनात येतो. इतिहासात जर-तर करू नये म्हणतात. मी इथे करतो.

यावरून ऑगस्टसची आरती ओवाळायची नाही. याद्यांवर सही करणारे हात हेच. आणि त्याने केलेली सोयही कागदावर दिसते तितकी गोंडस नव्हती. इसवी सन १४ च्या ऑगस्टमध्ये तो वारला आणि डॅन्यूब व ऱ्हाइन नद्यांवरच्या लीजन, म्हणजे रोमच्या पलटणी, बंड करून उठल्या. मुदत संपूनही त्यांना सोडलेलं नव्हतं. काहींची तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं भरली होती. ऱ्हाइनवर तिथला सेनापती जर्मेनिकस छावणीत शिरला तेव्हा काही म्हाताऱ्या शिपायांनी चुंबन घेतो म्हणून त्याचा हात धरला आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घातली, आत एकही दात उरलेला नाही हे त्याला कळावं म्हणून.

दबावाखाली त्यांना काही सवलती मिळाल्या. तेवढ्यात रोमहून सिनेटचं शिष्टमंडळ तिथे पोहोचलं. ते वेगळ्याच कामासाठी आलेलं होतं. पण हे लोक आपल्याला मिळालेलं परत काढून घ्यायला आलेत, असं शिपायांनी धरून टाकलं. रात्री त्यांनी शिष्टमंडळाचा प्रमुख, माजी कॉन्सल मुनेशियस प्लँकस याला गाठलं. तो पळत पहिल्या लीजनच्या तळावर गेला आणि निशाणांना व गरुडध्वजाला मिठी मारून बसला. कॅल्पर्नियस नावाच्या ध्वजवाहकाने जमावाला अडवून धरलं, म्हणून रोमच्या सिनेटचा दूत रोमच्याच छावणीत जिवानिशी वाचला.